रेलच्या वर्षाचा ट्रॅक्टर

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर पार्किंगचे चार नियम आहेत. पहिले तीन कुठल्याही सोसायटीत असतात तसेच. चौथा नियम: ‘ट्रॅक्टर लावू नये.’ डिंडोलीत नवा भाडेकरू आला की तो हा फळा वाचतो, हसतो आणि वॉचमनला कारण विचारतो. वॉचमन तोंडानं काही बोलत नाही, नुसता माझ्या गॅलरीकडे हात करतो.

माझं शेत नाही. वडिलांचंही नव्हतं, म्हणून तर ते शहाद्याकडचं गाव सोडून लिंबायतला लूमवर आले. मी रिंगरोडच्या मार्केटात एका साडीवाल्या शेठकडे मेहताजी आहे. दिवसभर उधारी लिहायची आणि संध्याकाळी ती फोनवरून मागायची, हे माझं काम. ट्रॅक्टर मला चालवता येत नाही. मोपेडसुद्धा चढावर बायको खाली उतरली तरच चढते. मात्र ट्रॅक्टर ओळखता येतो. निदान तशी माझी समजूत होती, आणि ती माझ्यापुरती होती तोवर कोणाला तिचा उपद्रव नव्हता.

लहानपणी मामाच्या गावी पाटलांचा एक लाल ट्रॅक्टर होता. आम्ही पोरं त्याच्या मागे धावायचो. बाकीची पोरं मोठी झाली आणि थांबली. मी पुस्तकं, माहितीपत्रकं, रद्दीतली जुनी मासिकं धुंडाळत धावतच राहिलो. करडा, बुटका फर्ग्युसन टीई-२० दिसला तर तो १९४६ ते १९५६ च्या दरम्यान कॉव्हेंट्रीत स्टँडर्ड मोटर कंपनीनं बनवलेला, असे पाच लाखांवर बनले, हे मी चालत्या बसमधून सांगू शकतो. मॅसी ३५ समोर आला तर मी आधी सिलिंडर मोजतो. चार असले तर स्टँडर्डचं इंजिन, थंडीत सुरू व्हायला कुरकुरणारं. तीन असले तर पर्किन्सचं, म्हणजे नंतरचं. ही माहिती साडीच्या धंद्यात कुठंही लागत नाही. शेठनं एकदा तसं बोलूनही दाखवलं.

माहिती साठली की ती ऐकायला माणसं लागतात. बारडोलीकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या आजोबांनी मोठ्या मायेनं आपला ‘जुना फर्ग्युसन’ दाखवला. मी म्हटलं, “आबा, फर्ग्युसन आणि मॅसी-हॅरिस एक झाले १९५३ ला. मॅसी-फर्ग्युसन हे नाव पडलं १९५८ ला. तुमचा हा त्यानंतरचा, मद्रासच्या टॅफेचा. याला नुसतं फर्ग्युसन म्हणता येत नाही.” आबांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “हप्ते मी फेडले,” ते म्हणाले, “नाव मी ठेवीन.” त्या लग्नात मला जिलबी दुसऱ्यांदा कोणी वाढली नाही.

पुढे महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात मला दहा मिनिटं मिळाली. विषय मीच सुचवला होता: भारतीय ट्रॅक्टरच्या परदेशी सोयरिकी. सुरुवात झकास झाली. १९५९ च्या एप्रिलात फरिदाबादला आपल्याकडे जुळवलेला पहिला आयशर बाहेर पडला, त्याचं सासर जर्मनी. एस्कॉर्ट्सचं पोलंड, तिथल्या उर्सुस कंपनीशी. आपल्या बडोद्याच्या हिंदुस्तान ट्रॅक्टरचं चेकोस्लोव्हाकिया, आणि पिंजोरच्या एचएमटीचंही तेच घर, झेटर. नाशिकला किर्लोस्करांनी जर्मनीच्या डॉइट्झशी जमवलं. एकट्या स्वराजनं परदेशी स्थळ पाहिलं नाही, त्याचं डिझाइन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत झालं. टाळ्या पडल्या. तिथंच बसायला हवं होतं. पण टाळ्या पडल्या की मला पुढचं आठवतं. मी ठोकून दिलं, “आणि मंडळी, १९५६ साली सोव्हिएत रशियानं भेट दिलेल्या यंत्रांवर देशातलं पहिलं प्रचंड सरकारी यांत्रिक शेत उभं राहिलं, ते कुठं? आपल्या या सुरतेत!” मागच्या रांगेतून रेल्वेतले एक निवृत्त काका उभे राहिले. “सुरतगढ,” ते म्हणाले. “राजस्थान. मी तिथं ड्यूटी केलीय. वाळू आहे तिथं, तापी नाही.”

मी ‘गढ’ छपाईत गळलं असावं असं काहीतरी म्हणालो आणि पाणी प्यायलो.

एवढ्यावर थांबणारा माणूस सुखात राहिला असता. पण मार्केटात पोटले उचलणाऱ्या एका हमालानं सांगितलं की ओलपाडकडे त्याच्या गावात एका काकांच्या गोठ्यात ‘विलायती’ ट्रॅक्टर पडून आहे. त्या रविवारी मी रॉकेलची बाटली, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, खडू आणि टॉर्च एवढी सामग्री पिशवीत घालून निघालो. घरी सांगितलं, पार्टीकडे वसुली आहे.

ताडपत्री काढली. बॉनेटवर मांजर पिलांसकट झोपलेलं होतं. काकांनी त्यांना उचलून गव्हाणीत ठेवलं, आणि मला दिसला तो बी-२७५. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. आता मी थोडा वेळ घेणार आहे, कारण या यंत्राबद्दल मी कधीच थोडक्यात बोलू शकलेलो नाही. यातला ‘बी’ म्हणजे ब्रिटिश. इंग्लंडात ब्रॅडफर्डला जॉवेट नावाची मोटार कंपनी बंद पडली, तिचा कारखाना इंटरनॅशनल हार्वेस्टरनं घेतला आणि १९५८ पासून तिथं हे मॉडेल बनवलं. चार सिलिंडर, १४४ घनइंचांचं डिझेल इंजिन, पस्तीस घोड्यांची ताकद. पुढे हेच मॉडेल आपल्याकडे आलं. १९६३ ला महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनू लागला. तेव्हा प्रश्न एवढाच: समोरचा हा ब्रॅडफर्डचा की कांदिवलीचा? ब्रॅडफर्डचा असेल तर तो दुर्मीळ. कांदिवलीचा असेल तर तो गुजरात-महाराष्ट्रात कुठल्याही बांधावर सापडेल.

“काका, कधी घेतलेला?”

“मोटी रेल आवेली ने, ते वरसे.”

रेल म्हणजे पूर. सुरतेचा माणूस आयुष्य पुरांवर मोजतो. लग्न, वाटणी, म्हशीचं मरण, सगळं अमक्या रेलच्या आधी किंवा नंतर. तापीला त्या काळात दोन मोठ्या रेल आल्या, १९५९ ची आणि १९६८ ची. कुठली, हे विचारायला अर्धा श्वास पुरला असता. पण माझ्या डोक्यात गणित सुटून गेलं होतं: १९५९, तेव्हा कांदिवलीचा कारखाना नव्हता, म्हणजे ट्रॅक्टर ब्रॅडफर्डचा. मी गुडघ्यावर बसलो. क्लच हाउसिंगवरचं ग्रीस रॉकेलनं धुतलं, खडू घासला, तर लोखंडात ओतलेला लांबलचक आकडा उमटला, शेवटी इंग्रजीतला ‘आर’ आणि एक. हाच अनुक्रमांक, मी ठरवलं. मग टॉर्च डिझेल पंपावर नेला. पंपाच्या अंगावर एक छोटी पट्टी होती. टूथब्रश फिरवला. सीएव्ही. खाली बारीक अक्षरांत, मेड इन इंग्लंड.

मी ओरडलो असणार, कारण मांजर गव्हाणीतून पळालं.

इथून पुढे किंमत माझ्या चेहऱ्यावर ठरत गेली. काका आधी एक आकडा बोलले होते. मी पंप पाहिल्यावर तो वाढला. मी खडूवरचा नंबर वहीत उतरवून घेतला तेव्हा आणखी वाढला. मी ट्रॅक्टरबरोबर फोटो काढला तेव्हा काकांनी आतून मुलाला बोलावून घेतलं आणि बापलेकांनी मिळून वाढवला. शेवटी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद पुढे केले. आरसी बुक होतं, सोबत लाइटबिल आणि कोणाची तरी पत्रिका. मी ती पिशवी न उघडता काखेत मारली आणि माझ्या तोंडून निघालेलं वाक्य पुढे कित्येक दिवस घरात म्हणीसारखं वापरलं गेलं: “काका, कागद कोणीही वाचतो. मी लोखंड वाचतो.”

पैसे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ठेवलेले होते. काळा ग्रॅनाइट पसंत झालेला होता.

ट्रॅक्टर टोचन करून आणायचं ठरलं. गावातलाच एक भाड्याचा ट्रॅक्टर मिळाला, झगझगीत लाल, महिंद्रा २७५. चालवणारा पोरगा नंदुरबारकडचा. साखळी बांधायला तो खाली उतरला, माझ्या खजिन्याभोवती एक फेरी मारली, मागचं हाउसिंग थोपटलं आणि म्हणाला, “दादा, हाई ते मन्हंच मशीन शे!” मी त्याला समजावलं की दिसायला सारखं असलं तरी यात इतिहासाचा फरक आहे. तो म्हणाला, बरं. ओलपाडपासून डिंडोलीपर्यंत नातू आजोबांना साखळीनं ओढत होता आणि मी आजोबांच्या सीटवर बसून लोकांकडे पाहत होतो. पुढच्या पोराला दिसत होतं ते मला दिसत नव्हतं.

सोसायटीत चेअरमनसाहेब खाली आले. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या पार्किंगच्या पट्ट्यांकडे पाहिलं. “आ शुं छे?” मी म्हणालो, विंटेज. त्यांना वाटलं कंपनीचं नाव असेल. रात्रीतून ऑइल गळून नव्या पेव्हरवर मोठा डाग पडला. मुलं त्याच्यावर चढली, एकाचा पाय गिअरमध्ये अडकला, त्याची आई माझ्या दारात आली. बायको शांत होती. तिनं फक्त विचारलं, “अहो, हा वर आणता येईल का? मग कणीक याच्यावरच मळत जाईन.”

उधन्याच्या एका मिस्त्रीला बोलावलं. म्हातारे मिस्त्री, आयुष्य ट्रॅक्टरच्या पोटाखाली गेलेलं. चष्मा कपाळावर ठेवून ते आधी नुसते हात फिरवत राहिले. मी मागून माहिती पुरवत होतो: ब्रॅडफर्ड, जॉवेट, १९५८. ते मध्येच म्हणाले, “साहेब, जरा चूप बसाल का, आवाज ऐकायचाय.” इंजिन बंद होतं. कसला आवाज ऐकायचा होता ते मला आजही कळलेलं नाही, पण मी गप्प बसलो.

मग त्यांनी निकाल दिला. ब्लॉक कांदिवलीचा. गिअरबॉक्सही कांदिवलीचा, पण दुसऱ्या गाडीचा, निदान दहा वर्षांनी धाकटा. पुढचा एक्सल त्याहून नवा. बॉनेट गावात ठोकून केलेलं. पंप इंग्लंडचा, हे मात्र खरं. “कुठल्यातरी भंगारातून बसवलाय. पंप काय कुठंही जातो.” मी माझा हुकमी पत्ता काढला, वहीतला नंबर. त्यांनी तो वाचला. “हा पार्टचा नंबर आहे. हा आर आणि एक म्हणजे डिझाइन कितव्यांदा बदललं ते. हाच आकडा माझ्या दुकानात पडलेल्या सगळ्या हाउसिंगवर आहे. गाडीचा नंबर वेगळा, तो प्लेटवर असतो.” प्लेटच्या जागी स्क्रूची रिकामी भोकं होती. “प्लेट गेली असेल भंगारात. पाहिजे तर मी बनवून देतो,” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी खरंच खिशातून पेन्सिल काढली. “कोणतं साल टाकू?”

मोह झाला हे मी लपवत नाही.

विलायतेत मॉडेल काही वर्षांत बंद पडतं, त्यामुळे तिथल्या हौशी लोकांना ग्रिलवरून, दिव्यांवरून, रंगाच्या पट्ट्यांवरून साल सांगता येतं. आपल्याकडे मॉडेल मरतच नाही. कांदिवलीची ती कंपनी १९७७ ला महिंद्रमध्ये विलीन झाली, नाव बदललं, पण २७५ चालूच राहिला. आजही शोरूममध्ये जाऊन २७५ मागा, मिळेल. मॅसी ३५ चा वंश १०३५ म्हणून अजून नांगरतो आहे. मग सत्तर सालच्या गाडीला नव्वद सालचा गिअरबॉक्स नीट बसतो, नव्वदच्या गाडीला सत्तरचं इंजिन, आणि शेतकरी मोडेल तो भाग बदलत जातो. अशा यंत्राचं जन्मसाल विचारणं म्हणजे त्यातल्या कोणत्या भागाचं, हे आधी ठरवायला हवं. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. टोचनवाल्या पोरालाही. मी मात्र परदेशी पुस्तकांतली कुंडली घेऊन ओलपाडला गेलो होतो.

रात्री ती प्लॅस्टिकची पिशवी उघडली. आरसीवर स्वच्छ लिहिलं होतं: इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया, साल १९६९. म्हणजे दुसरी रेल, आणि तिच्यानंतरचं वर्ष. त्या काळी ट्रॅक्टर मागणीच्या मानानं कमी होते, नंबर लावून थांबावं लागे. काकांच्या वडिलांनी रेलच्या वर्षी नाव नोंदवलं असणार आणि गाडी पुढच्या वर्षी हाती आली असणार. काका खोटं काहीच बोलले नव्हते. ब्रॅडफर्ड म्हणून मी ज्याला घरी आणलं ते फ्लाइंग रानीनं बोरिवलीला उतरून लोकलनं एक स्टेशन पुढे गेलं की येतं.

हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण तोवर मंडळाचा फ्लेक्स छापून झाला होता. गणपती तोंडावर आलेले. पोरांनी परस्पर ठरवलं की यंदा बाप्पा माझ्या ट्रॅक्टरवर. चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला: वर बाप्पा, खाली नगरसेवक, आणि कोपऱ्यात गॉगल लावलेला मी. ‘१९५९ चा विलायती ट्रॅक्टर – सुरतेत प्रथमच!’ मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं होतं. चालवायला माझा मेहुणा. मी सीटच्या बाजूला मडगार्डवर, फेटा बांधून.

लिंबायतच्या गरनाळ्यापर्यंत सगळं छान चाललं. रेल्वेखालचा तो बोगदा अनंत चतुर्दशीला कसा असतो हे सुरतेतल्या मराठी माणसाला सांगायला नको. पुढे ढोल, मागे डीजे, दोन्ही बाजूंनी माणसं. बरोबर मध्यभागी इंजिन दोनदा उचकलं आणि बंद पडलं. मेहुण्यानं चावी फिरवली, पुन्हा फिरवली. मागचा डीजे आधी गाण्याच्या मध्ये थांबला, मग माइकवरून बोलू लागला. “ओ विलायती काका, बाजूला घ्या!” मागे किती मंडळं तुंबली होती देव जाणे. बंदोबस्तातला एक हवालदार घामानं निथळत आला आणि मला विचारलं, “काय झालंय?” मी त्याला १४४ घनइंचांबद्दल सांगायला लागलो. त्यानं हात जोडले.

मागच्या मंडळातून एक माणूस पान्हा घेऊन पुढे आला. कमरेला उपरणं, अंगभर गुलाल. त्यानं डिझेल फिल्टरची वाटी सोडली आणि ती माझ्यासमोर तिरकी केली. तळाशी करडा गाळ, बोटभर. “टाकीत तापीची माती आहे. २००६ च्या रेलमध्ये बुडाला असणार हा.” काकांच्या गोठ्याच्या भिंतीवर कमरेच्या वर एक तपकिरी रेघ मी पाहिली होती. मला वाटलं होतं, रंग दिलाय.

त्यानं वाटी धुतली, बसवली. मग फिल्टरवरचा एक छोटा स्क्रू सैल केला आणि मला म्हणाला, “काका, ही कांडी खालीवर करा.” मी केली. स्क्रूच्या कडेनं फेस आला, बुडबुडे आले, मग बुडबुडे कमी झाले आणि निखळ डिझेलची धार लागली. “झाली एअर बंद,” म्हणत त्यानं स्क्रू आवळला. डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप दाब देऊ शकत नाही, म्हणून ती अशी काढून टाकायची. शेतात हे दहा वर्षांचं पोर करतं, असं तो म्हणाला. ते मी नुकतंच केलं होतं, म्हणून मला राग आला नाही. इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. बोगदाभर काळा धूर आणि मोरया एकदम उठला.

पान्हा पुसत त्यानं बॉनेट थोपटलं. “बी-२७५ ना? चांगली गाडी. आमच्याकडे गावी दोन आहेत. कांदिवलीच्या.” माझ्या डोक्यावर नेमका मंडळाचा दुसरा फ्लेक्स होता. त्यानं तो वाचला, मला वाचलं, आणि सज्जन माणूस होता म्हणून पुन्हा ढोलाकडे गेला.

ट्रॅक्टर आता मेहुण्याच्या गावी आहे आणि कापसाच्या शेतात काम करतो, हे मला अपमानास्पद वाटतं, पण मेहुणा खूश आहे. ओटा बोनसच्या पैशातून झाला, ग्रॅनाइट जरा स्वस्तातला. मिस्त्रीच्या दुकानात मी शनिवारी जाऊन बसतो. ते बोलू देत नाहीत, फक्त पान्हे देतात धरायला.

परवा ओलपाडच्या काकांचा फोन आला. “भाऊ, एक बीजुं पड्युं छे. आ वखते रशियन.” मी मन घट्ट करून पहिला प्रश्न विचारला, कागद आहेत का? “कागळ नथी,” काका म्हणाले, “पण रेल पहेलांनुं छे.”

रविवारी निघतोय. घरी सांगितलंय, पोंक खायला चाललोय. कुठल्या रेलच्या आधीचा, ते विचारायचं राहिलं.